समाज, कुठल्या मजल्यावरचा?

टीव्हीवाल्यांचा फोन आला की बाईंची संध्याकाळ मजेत जायची. पलीकडची मुलगी घाईघाईत विचारायची, "मॅम, आजच्या निकालावर मुस्लिम समाजाचं काय म्हणणं आहे?" बाई अगदी नम्रपणे म्हणायच्या, "थांबा हं, विचारून सांगते." मग फोन ओट्यावर उताणा ठेवून बोंबील साफ करायला घ्यायच्या. फोनमधून "हॅलो मॅम? हॅलो?" येत राहायचं. हातातले बोंबील संपले की हात धुऊन, पुसून, फोन कानाला लावून म्हणायच्या, "विचारलं. कुठल्या मजल्यावरचा समाज, असं विचारतायत." तोवर पलीकडून फोन कट झालेला असायचा. बाईंना त्याचं काहीच वाटायचं नाही. मलाच वाईट वाटायचं, कारण मला एकदा तरी टीव्हीवर त्यांच्या मागे उभं राहायचं होतं.

हा मजल्यांचा प्रकार काय, ते सांगते. बाई राज्यशास्त्राच्या प्राध्यापक. नोकरी संपल्यावर अंधेरीच्या घरात बसून त्यांनी एकच विषय धरला होता, उपनगरांतल्या कोकणी मुसलमानांचं राजकारण. निवडणुकीचं नाही हं. प्रत्येक गावाची मुंबईत एक जमात असते, तिची कमिटी असते, मीटिंगची खोली असते. लग्न, मयत, भांडणं, गावच्या मशिदीची डागडुजी, सगळं तिथे ठरतं. आमचं ग्रामस्थ मंडळ असतं ना, डिट्टो तसंच. तिथे कोण बोलतं, कोण गप्प बसतं, बायकांना कोण विचारतं, हे बाई वर्षानुवर्षं बघत होत्या. जोगेश्वरीच्या एका गल्लीत त्यांची लाडकी बिल्डिंग होती, अख्खी एकाच गावची, बाईंच्याच गावची. तळमजल्यावरचे लोक मौलानांच्या शब्दाबाहेर नव्हते. पहिल्या मजल्यावर दोन सख्खे भाऊ दोन पक्षांत होते आणि प्रचाराच्या दिवसांत एकमेकांच्या चपला लपवायचे. दुसऱ्या मजल्यावर सगळे आखातात, घरात फक्त सासवा-सुना, आणि त्या सुनांचं मत सासूच्या मताच्या बरोब्बर उलट. म्हणून बाईंच्या घरात 'मुस्लिम समाज' असा शब्द तोंडातून निघाला की लगेच यायचं, "कुठल्या मजल्यावरचा?"

मी चारकोपची. आमचे बाबा गिरणीतले, गिरणी गेल्यावर सेक्टरमधल्या सोसायटीत वॉचमन झाले, आता घरी बसून सगळ्या जगाला शिव्या घालतात. एम. ए. करून मी नोकरी शोधत होते, तेव्हा कॉलेजच्या बोर्डावर चिठ्ठी दिसली. 'मदतनीस हवी. मराठी नीट, पाय दणकट, तोंड बंद.' तोंडाबद्दल मी खोटं बोलले. मुलाखतीला गेले तर बाई माझ्यासमोर बसून काहीच विचारेनात. मी पंख्याकडे बघतेय, त्या माझ्याकडे बघतायत. एवढ्यात आत दूध उतू जायचा वास आला. मी उठले, गॅस बंद केला, ओटा पुसला आणि परत येऊन बसले. "सोमवारपासून ये," बाई म्हणाल्या. दूध त्यांनी मुद्दाम ठेवलं होतं की काय, हे मी नंतर कितीदा विचारलं असेल. शेवटपर्यंत सांगितलं नाही हो त्यांनी.

बाईंचं नाव ऐकलं की लोक आपोआप हिंदीत शिरायचे. रिक्षावाला, बँकेतली मुलगी, केमिस्ट. समोरचा हिंदीत शिरला की बाईंची मराठी जड होत जायची. एकदा बँकेतली मुलगी कौतुकाने म्हणाली, "आप मराठी कितना अच्छा बोलती हो!" बाई म्हणाल्या, "तुम्हालाही जमेल. घाबरायचं नाही." मुलगी सानेबिने कुणीतरी होती. मी तोंडावर ओढणी धरून बाहेर पळाले.

त्यांची कामाची पद्धत म्हणजे माझ्यासारखीला शिक्षाच होती. घरात जायचं, बसायचं आणि त्या घरातल्या कुणी आपल्याला काम सांगेपर्यंत एकही प्रश्न विचारायचा नाही. "पाहुणीला लोक चहा देतात, उत्तरं देत नाहीत," असं त्यांचं म्हणणं. मी पहिल्याच घरात घाण केली. चहाचा कप खाली ठेवला आणि कॉलेजात शिकवलेलं सुरू केलं, "मावशी, मुसलमान म्हणून तुम्हाला काय काय अडचणी येतात?" बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी अर्ध्यात थांबले. "मुसलमान म्हणून ती भाकरी वेगळी थापते का गं? आधी पीठ मळ, मग विचार." मावशी हसायला लागल्या, म्हणाल्या, "बाय, खरंच मळतेस? मनगट दुखतंय माझं." तांदळाचं पीठ, उकड काढलेलं, आमच्या आईसारखंच. मी मळत होते आणि मावशी आपणहून सांगत होत्या, मुलाला कुठे भाड्याने जागा मिळाली नाही, सुनेने बुरखा घालायचा की नाही यावरून घरात किती दिवस अबोला होता, कमिटीतल्या कुणाला त्या मत देत नाहीत आणि का. कॉलेजातल्या प्रश्नांनी यातलं एक अक्षर निघालं नसतं.

आणि झोप! दुपारी जेवण झालं की बाई ज्या घरात असतील तिथेच, जमिनीवर, उशाला हात घेऊन आडव्या व्हायच्या. मला लाजेने मेल्यासारखं व्हायचं. अहो, इंटरव्ह्यूला आलोय आपण! पण त्या झोपल्या की घरातल्या बायका मोकळ्या व्हायच्या. आवाज खाली यायचा आणि पुरुषांसमोर न बोललेलं सगळं बाहेर यायचं. मी कोपऱ्यात बसून ऐकायचे. बाई घोरायच्याही. संध्याकाळी स्टेशनवर चालताना मी सांगायला जावं, तर त्या म्हणायच्या, "तिच्या नणंदेचं ते मधलं राहिलं बघ." मी थक्क व्हायचे. कधीकधी खरंच झोपलेल्या असायच्या आणि मलाच सगळं सांगायला लागायचं. ओळखायचं कसं, ते मला कधी कळलं नाही.

अशाच एका दुपारी खालाची गोष्ट बाहेर आली.

खाला, म्हणजे मावशी, सगळे त्यांना तेच म्हणायचे, त्या जोगेश्वरीच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. घरी बसून ब्लाउज शिवायच्या. नवरा वारलेला, मुलगा नाही, एक मुलगी. बिल्डिंग पाडून नवीन बांधायची ठरत होती आणि जमातीची मीटिंग होती. खाला म्हणाल्या, माझ्या घराचा निर्णय आहे, मी येणार. कमिटी म्हणाली, दिराला पाठव. दिराचा आणि त्यांचा उभा दावा. खाला गेल्या आणि पुरुषांच्या मीटिंगमध्ये पुढच्या सतरंजीवर बसल्या. मीटिंग उठली. त्या दिवसापासून जमातीने त्यांच्याशी व्यवहार तोडला. जिन्यात सलाम नाही, घरी कुणी यायचं नाही, यांना कुठे बोलावणं नाही. मुलीचं लग्न झालं तेव्हा बिल्डिंगमधलं एकही माणूस जेवायला आलं नाही. खालांनी रांधलेलं अन्न रिक्षात घालून दर्ग्याबाहेर वाटलं.

बाईंनी एकदा त्यांना हळूच म्हटलं, कायदा आहे, तक्रार करता येते. खाला शिवणयंत्र थांबवून म्हणाल्या, "पोलीस आणून माणसं जेवायला येतात काय?"

बाईंनी आपल्या पुस्तकात त्यावर एक प्रकरण लिहिलं. मी बाईंचं पुष्कळ टाईप केलंय, पण तसं त्यांनी दुसरं काही लिहिलं नाही. खालाचं बोलणं, पुढच्या सतरंजीवर बसताना त्यांनी साडी कशी आवरली, पुरुषांनी कशा माना फिरवल्या, सगळं तिथे होतं. मी टाईप करता करता रडले आणि बाई ओरडल्या, "कीबोर्ड खराब होईल."

प्रकाशकाला वास लागला आणि वाट लागली. तो म्हणाला, हेच प्रकरण पहिलं घ्या, मुखपृष्ठावर बुरख्यातली बाई टाकू, पुस्तक हातोहात जाईल. बाई म्हणाल्या, "ती साडी नेसते." तो म्हणाला, "मॅडम, कव्हर आहे हो." तेवढ्यात त्याच्याकडूनच कुणकुण लागून कुठल्याशा चॅनेलचा फोन आला, या वेळी त्यांना थेट तिसऱ्या मजल्याचा पत्ता हवा होता. बाईंनी फोन ओट्यावर ठेवला नाही. बंदच करून टाकला. त्या रात्री जेवल्या नाहीत, असं सकाळी कामवालीने मला सांगितलं.

बातमी जमातीपर्यंत पोचली, मग तिचे सेक्रेटरी चाचा अंधेरीला आले. बोटीवर नोकरी केलेला उंच, स्वच्छ माणूस, बाईंना लहानपणापासून ओळखणारा. चहाला हात लावला नाही. म्हणाले, "तू लिहिलंस ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण आत्ता नको. दिवस बघ कसले आहेत. आपल्या पोरांना घर मिळत नाही, नोकरी मिळत नाही, आणि हे टीव्हीवर आलं तर आठवडाभर तेच दाखवतील. घरातलं घरात राहू दे, बाय."

आणि खाला? खालांना विचारलं तर एकच. "लिही. आणि नाव घाल."

बाईंची खरोखर कोंडी झाली होती. छापलं तर ज्या माणसांत वाढल्या त्यांच्या अंगावर सगळा देश घालायचा, नाही छापलं तर खालांसमोरून परत एकदा मीटिंग उठवायची. त्या घरात येरझारा घालायच्या, मला उगाच भाजी आणायला पाठवायच्या. त्यांना असं बघवत नव्हतं मला.

मी घरी जाऊन बाबांना हे सांगितलं, ती माझी हौस. बाबा खूश! "बघ, बघ कसे लपवतात! हीच तर त्यांची गंमत. बाईला म्हणावं छाप, बिनधास्त छाप." दुसऱ्या दिवशी मी हे बाईंना ऐकवलं. त्या थबकल्या. म्हणाल्या, "तुझे बाबा तुमच्या गावच्या मंडळात आहेत ना गं? तुमच्याकडे नाही का कुणाला वाळीत टाकलेलं?"

होतं ना. बाबांचा सख्खा चुलतभाऊ. देवळाच्या जागेचे कागद दाखवा म्हणाला म्हणून गावकीने त्याला बाहेर काढलं. शिमग्यात पालखी दारोदार जाते, त्याच्या दारात थांबत नाही. काकी ताट घेऊन उभी असते, ढोल वाजत पुढे जातात. आणि त्या ठरावावर मुंबई मंडळातर्फे सही बाबांची होती.

बाई म्हणाल्या, "मग त्याच प्रकरणात हेही घालू. शेजारी शेजारी. म्हणजे कुणाला बोट दाखवता येणार नाही. बाबांना विचार."

विचारलं. बाबा संतापले की मालवणीत शिरतात. "आमचा कित्याक मधीच? आमचा वेगळा हा! दिवस कसले इलेत, आधीच लोक आमच्या वायटावर! घरातला घरातच रवांदे!"

मी हे जसंच्या तसं बाईंना सांगितलं तेव्हा त्या अशा हसल्या, अशा हसल्या की खुर्चीवरून घसरल्या. डोळ्यांतून पाणी. "अगं, चाचांनी शिकवून पाठवलं की काय त्यांना!" कितीतरी दिवसांनी त्या हसत होत्या.

बाईंचा एक नियम होता. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांना छापण्याआधी वाचून दाखवायचं. मोठमोठे विद्वान त्यांना यावरून वेड्यात काढायचे. तर त्यांनी जाहीर केलं की काकीचं ताट जोडून हे प्रकरण जमातीच्या खोलीत वाचणार, खालासकट सगळ्यांसमोर, आणि माझ्या बाबांनाही बोलावणार. बाबा येणार नाही म्हणाले आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले.

रविवारची सकाळ होती. पुरुष सतरंज्यांवर, बायका दारात आणि जिन्यात. बाबांना चाचांच्या शेजारी खुर्ची दिली. दोघं आधी ताठ. मग चाचांनी गाव विचारलं, बाबांनी सांगितलं, आणि निघालं काय, तर एकाच खाडीचे दोन काठ! खाडी पार करणाऱ्या तरीचा तांडेल कोण, सुके बांगडे कुणाचे चांगले, असं सुरू झालं. दहा मिनिटांत दोघांची गट्टी, आणि ती कशावर, तर या बाईने छापू नये यावर. मला हसू येत होतं आणि राग पण.

बाईंनी वाचलं. कोकणीत, म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या घरच्या बोलीत, कागदावरची मराठी मनातल्या मनात बदलत. आधी काकीचं ताट वाचलं. बाबा खाली बघत राहिले. मग खालाचं. जिन्यात कुजबुज चालली होती, ती थांबली. लग्नाचं अन्न रिक्षात घालण्याच्या ठिकाणी बाई डोळे पुसत वाचत राहिल्या.

शेवटी चाचा म्हणाले, "खरं आहे. सगळं खरं आहे. तरी छापू नको, बाय. हात जोडतो."

बाईंनी खालाकडे बघितलं. "माझं नाही हे. तिचं आहे. ती सांगेल ते."

आमच्या खाला, दोन बोटांच्या चणीच्या, दाराजवळून पुढे आल्या. कमरेला पदर खोचलेला. चाचांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "छापू नको म्हणतोस? मग शुक्रवारी नमाज झाली की माझ्याकडे जेवायला ये. बायकोला घेऊन ये. सगळ्यांनी या. नाही आलात तर ही छापेल, माझ्या नावाने."

चाचांनी चष्मा काढून पुसला. "येतो," म्हणाले.

शुक्रवारी खालांनी पहाटेपासून रांधलं. मी कांदे कापले, बाई तांदूळ निवडत बसल्या. नमाज सुटली, गल्लीत गर्दी झाली, जिना रिकामाच. खाला दाराकडे बघायच्या नाहीत, उगाच झाकणं उघडून बंद करायच्या. मला वाटलं, गेलं आता. आणि मग जिन्यात काठी वाजली. चाचा धापा टाकत वर आले, मागे त्यांची बायको. मग पहिल्या मजल्यावरचे दोघे भाऊ. मग बायकांची रांगच. दीर शेवटी आला आणि मान खाली घालून जेवला. खाला वाढत होत्या, वाढत होत्या, "घे रे, अजून घे," आणि रडत होत्या. त्यांच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला, ती पलीकडून ओरडत होती, "अम्मी, कोण आलंय दाखव ना! सगळ्यांना दाखव!"

जेवणं आटोपल्यावर बाईंनी सगळ्यांसमोर प्रकरणाचे हाताने लिहिलेले कागद फाडले. मला म्हणाल्या, "लॅपटॉप काढ." मी बॅग पोटाशी धरून बसले. "शब्द दिलाय," त्या म्हणाल्या. मी फाईल पुसली. प्रकाशक म्हणाला, त्या प्रकरणाशिवाय पुस्तकात दम नाही. पुस्तक आलंच नाही. त्या शुक्रवारी घरी येतानाच मी बाईंशी भांडले होते, रस्त्यातच. "एवढी वर्षं घातलीत आणि एका जेवणावर विकलंत?" त्या म्हणाल्या, "अगं, मी तिला पुस्तकात जागा देत होते. तिला तिच्या घरात माणसं हवी होती. मी कोण नाही म्हणणारी?" मग थोडं चालून म्हणाल्या, "मलाही वाईट वाटतंय गं. फार वाईट वाटतंय."

बाबांचं म्हणाल तर त्यांनी काही केलं नाही. चाचांशी फोनवर बांगड्यांच्या गप्पा मारतात. पालखी अजून काकीच्या दारात थांबत नाही. मी दर शिमग्याला भांडते.

गेल्या वर्षी बाई गेल्या. फार आजार नाही, त्रास नाही. आखातातून भाचा आला. अंधेरीच्या त्या घरातून पुरुष मयत घेऊन कब्रस्तानात गेले आणि आम्ही बायका मागे राहिलो. मी आता एका कंपनीत आहे, मोबाईलवर सर्व्हे पाठवायचे, लोक बोटाने टिक करतात, संध्याकाळपर्यंत अख्ख्या देशाचं मत येतं. 'मुस्लिम समाज' असा रकानाच असतो. त्या दिवशी बाईंच्या ओट्यापाशी उभी राहून मला इतकी त्यांची आठवण आली, की वाटलं, एकदा, फक्त एकदा त्यांनी मला ओरडावं. मग मी काहीही काम करेन.

खाला माझ्याजवळ येऊन बसल्या. आता त्या जमातीच्या मीटिंगला जातात, दिराच्या आधी बोलतात. माझा हात धरून म्हणाल्या, "बाय, ते माझं जे वाचलं होतं ना तिने, ते वाच ना एकदा."

"खाला, ते राहिलंच नाही. फाडलं ना तुमच्यासमोर. मीच पुसलं."

"ठाऊक आहे गं. माणसं आली, घर भरलं, अल्लाचे उपकार. पण माझ्याबद्दल एवढं नीट कधी कुणी बोललं नाही. तुला काही आठवतं का?"

मला सगळं आठवत नव्हतं. मी म्हटलं, मीटिंगच्या दिवशी तुम्ही पुढच्या सतरंजीवर जाऊन बसलात, हिरवी साडी होती. खाला म्हणाल्या, निळी. मी म्हटलं, निळी. आजूबाजूच्या बायका सरकून जवळ आल्या. "मग?" खाला म्हणाल्या, "पुढे सांग."